सोयाबीनच्या थप्पीवर

ताई,

तुझी तेरवी झाली. मांडववाला त्याचे बांबू घेऊन गेला, आचाऱ्यानं कढया नेल्या, रडायला आलेले रडून गेले, आणि मला अजून तुझ्याबद्दल एक चांगला शब्द बोलता आलेला नाही. बाकी सगळ्यांना आला. मी वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होतो आणि ज्याच्या पत्रावळीपाशी वाकावं तो म्हणत होता, गरीब गाय होती बिचारी.

गाय. तू.

काट्यावर माल मोजताना हमालानं पोत्याखाली पायाचा अंगठा घातला, म्हणून शेलूबाजारच्या भर बाजारात त्याला पुन्हा पहिल्या पोत्यापासून मोजायला लावणारी तू. शेजाऱ्यानं दोन वावरांमधला धुरा कोरला तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरपुढे विळा घेऊन बसलेली, आणि बसल्या बसल्या कपाशीच्या पराटीतलं गवत काढत राहिलेली तू. मूल होत नाही म्हणून पोहरादेवीच्या पलीकडच्या तुझ्या सासरच्यांनी तुला पेटीसकट जीपमध्ये बसवून दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी बायको आणल्यावर तेच लोक समेटाला आले, कारण घरात काम करायला हात कमी पडत होते. तू त्यांना चहा दिलास, कपबशा विसळल्यास आणि म्हणालीस, "पेटी इथंच राह्यते. तुमी निघा." मी दारामागून ऐकत होतो. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मध्ये पडलो तर मलाही "निघ" म्हणशील अशी भीती वाटली.

तर मला तुझ्या गरीबपणाचं कौतुक कुणी सांगू नये. तू एकाच ठिकाणी, एकाच दिवशी मान खाली घातलीस, आणि नेमकी तिथेच घातलीस जिथे मला तुझं भांडण पाहिजे होतं. तो राग तुझ्यासोबत जळला नाही. तो घरातच आहे, समोरच्या खोलीत, तुझ्या सोयाबीनच्या थप्पीवर पाय लांब करून बसला आहे.

थप्पीचं आधी बोलू. तिथपर्यंत मला तुझ्याशी नीट बोलता येतं.

माझ्या बायकोला, वर्षाला, आई नाही, म्हणून तिचं बाळंतपण माहेरी न होता आपल्याच दोन खोल्यांत होणार, हे ठरलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोटाला टाके पडतील, महिना-दीड महिना खाली वाकायचं नाही. म्हणजे लेकराचे ओले लंगोट जमिनीवर बसून बदलायची सोय गेली. आणि उभ्यानं बदलायला आपल्या घरात होतं काय? एक लोखंडी पलंग, तोही गुडघ्याएवढा. स्वयंपाकाचा ओटा होता, पण त्याचं नाव काढल्यावर तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी ते नाव परत गिळलं.

मग मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. भिंतीला फळी, फळीला बिजागऱ्या, काम झालं की फळी वर, भिंतीला चिकटून. माझं कव्हरं आणि चार्जरचं दुकान आहे, त्यामुळे आपल्याला सगळंच जोडता येतं असा माझा एक समज आहे. दुकान बंद ठेवून मी ड्रिल भाड्यानं आणलं. आपली भिंत आतून मातीची आहे, हे मला माहीत होतं. जन्मलोच त्या घरात. पण त्या दिवशी मी व्हिडिओतल्या भिंतीत भोकं पाडत होतो.

फळी बसली. तू वावरातून एक कोहळं आणलं होतंस, चांगलं लेकराएवढं. मी म्हटलं, आता वजन घेऊन दाखवतो. वर्षाला बोलावलं, तुला बोलावलं, कोहळ्याला टॉवेलात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. फळी, कोहळं, भिंतीचा हातभर पोपडा आणि वरचं घड्याळ, असं सगळं मिळून खाली आलं. घरात धूळ. वर्षा पोट धरून हसत होती आणि हसू नको म्हणून मी तिच्यावर ओरडत होतो. तू धुळीतून फुटलेलं कोहळं उचललंस, बोटानं त्याच्यावरची माती पुसलीस आणि अगदी हळू विचारलंस, "गजू, लेकरू याच्यावर ठेवाचं होतं तुले?"

पुढे बरेच दिवस आपण कोहळ्याची भाजी खाल्ली. प्रत्येक घासाला तू माझ्याकडे बघायचीस.

त्याच संध्याकाळी तू थप्पीकडे बघत उभी राहिलीस. घरोघर असते तशी आपल्याकडेही भाव वाढायची वाट बघत समोरच्या खोलीत सोयाबीनची थप्पी लागलेली, छताकडे निघालेली. तू वर्षाला तिच्याशेजारी उभं केलंस, तिचं कोपर कुठे येतं ते पाहिलंस आणि म्हणालीस, कोपराच्या खाली वीतभर, बस. मग तू वरची पोती काढून पलंगाखाली, दाराआड, जिथे जाईल तिथे कोंबलीस, आणि राहिलेली दोन भिंतींच्या कोपऱ्यात घट्ट बसवलीस, म्हणजे दोन बाजूंनी भिंत आणि दोनच बाजू मोकळ्या. मी मदत करायला गेलो. पोतं उचलताना गुडघे वाकवायचे की कंबर, यात माझा घोटाळा झाला, आणि त्या जागेवर पहिला आडवा झाला तो मी. बाळाच्या जागेचं उद्घाटन बापानं केलं. तू माझ्या कंबरेला तेल चोळत होतीस आणि म्हणत होतीस की जागा मजबूत आहे, रेड्याचं वजन घेते.

नंतर तू त्यावर काय काय रचलंस ते मी आज डोळे मिटून सांगू शकतो. पोत्यांच्या खाचा भरायला आईची जाड गोधडी, त्यावर मेणकापड, त्यावर तुझ्या जुन्या लुगड्याची चौघडी. मोकळ्या दोन बाजूंना चादरीच्या घट्ट वळकट्या, दोऱ्यानं पोत्यांना शिवलेल्या. उजव्या हाताला दोरीवर धुतलेले लंगोट, डाव्या हाताला खाली झाकणाची बादली, कारण घाण डाव्या हातानं टाकायची. माझी जुनी पँट उलटी करून भिंतीला टांगलीस आणि तिच्या खिशांत तेलाची बाटली, कापसाच्या घड्या, पावडर, पाकिटातले नॅपी. दुकानात शोभेल अशी वस्तू होती ती, फक्त तिला पाय होते. मी जागा पंख्याखाली घ्या म्हणत होतो. तू मला तिथे उघड्या अंगानं उभं केलंस, अंगावर तांब्याभर पाणी ओतलंस आणि पंखा लावलास. थंडीचे दिवस होते. मी पंख्याचा विषय सोडला.

आणि एक नियम. लेकरू वर असेल तोवर एक हात लेकरावर. काही पडलं, कुणी हाक मारली, घराला आग लागली तरी एक हात लेकरावर. दुसऱ्या कोहळ्यावर तू मला हे शिकवलंस. वर्षाला टाके, तू वावरात, मग हे काम मीच करणार होतो. मी लंगोट बांधून दाखवायचो आणि तू कोहळं वर धरून हलवायचीस. लंगोट खाली. पुन्हा बांध. मग इतका आवळला की देठ निघालं. "लेकरू हाय का कडब्याचा भारा?" म्हणालीस. शेवटी तू कोहळं हलवलंस आणि लंगोट जागेवर राहिला, तेव्हा मला बारावी पास झाल्यावर झाला नव्हता इतका आनंद झाला.

पोरगी झाली तेव्हा नर्सनं ती आधी तुझ्याकडे दिली. दवाखान्यात आपल्याकडची बाई तूच होतीस. जीपमधून घरी येईपर्यंत तू तिला मांडीवर घेऊन बसलीस, प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या आईबापाचा उद्धार करत. थप्पीवरचा पहिला लंगोट तू बदललास. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला वाटलं होतं, झालं, माझी सुटका झाली. आता ताईच करते.

मग बारसं आलं.

तुझ्यासाठी मी काठाची हिरवी साडी आणली होती. सख्खी आत्या तू एकटी. नाव तूच ठेवणार. काय ठेवणार ते तू कुणाला सांगितलं नव्हतंस, वर्षालाही नाही, आणि मी खोदखोदून विचारलं तर म्हणायचीस की कानात सांगायचं असते ते, तुह्या कानात नाही. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात, तर मी बायांना आधीच चिथावून ठेवलं होतं. म्हटलं, लहानपणापासूनचे माझे सगळे धपाटे आज फिटले पाहिजेत, हात राखू नका.

तू पाळण्याच्या उशाला उभी होतीस. साडीची घडी नीट मोडलेली नव्हती. आणि रिठदची काकू, म्हणजे आपली चुलत काकू, पाळण्याची दोरी सारखी करत सहज बोलावं तसं बोलली, "पाळण्यापाशी लेकुरवाळ्या बाया राहू द्या व."

एवढंच. तुझं नाव नाही, तुझ्याकडे नजरही नाही. वाक्य संपायच्या आत तू वाकलीस, घुगऱ्यांची परात उचललीस आणि गल्लीत वाटायला निघून गेलीस. जशी काही तू त्याचीच वाट बघत होतीस. मी दारात होतो, तू माझ्या अंगावरून गेलीस, आणि मी मूर्खासारखा बाजूला सरकून तुला वाट दिली. आत काकूच्या लेकीनं मोबाईलमध्ये बघून पोरीच्या कानात 'रियांशी' सांगितलं. अर्थ विचारला तर तिला सापडेना, रेंज नव्हती. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मी चिथावल्याप्रमाणे जोरात घातले. ती रडली.

तू संध्याकाळपर्यंत घुगऱ्या वाटत होतीस. आपलं गाव एवढं मोठं नाही.

मला तेव्हापासूनचा राग आहे. काट्यावर हमालाचा अंगठा तुला दिसतो. ट्रॅक्टर तुला अडवता येतो. आणि एक म्हातारी दोरी ओढता ओढता काहीतरी बोलते, तर तुझ्या तोंडातून "काहून?" एवढा शब्द निघू नये? नुसतं काहून? मी तुझ्यामागे उभा राहिलो असतो. म्हणजे, कदाचित दाराआड उभा राहिलो असतो, पण राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी थप्पीपाशी तिचा लंगोट सोडला, कोमट पाणी विसरलो होतो, म्हणून म्हटलं, ताई, जरा धर हिला. तू उंबऱ्यात उभी होतीस, हात पाठीमागे. "माह्ये हात मातीचे हायेत," म्हणालीस. तू नुकतेच हात धुतले होतेस. मला साबणाचा वास येत होता.

मग रोज तेच. तू उंबऱ्यात, हात पाठीमागे, आणि मी थप्पीपाशी. तिथून तू माझे हात चालवायचीस. पाय उचल, दोन्ही एका मुठीत, अंगठ्यांना धरू नको, घोट्याला धर. पुढून मागं पूस, पोट्टी हाय ते. बेंबीवर गाठ नको. कोरडं होऊ दे, घाई कायले करून राह्यला, तिले कुठं जीप पकडाची हाय. डावा हात उचलू नको. डावा हात, गजू. हळूहळू मी इतका तयार झालो की जीपस्टँडवर लोक मला लंगोटमास्तर म्हणायला लागले. मीही मान डोलवायचो. मीच त्यांना सांगितलं होतं ना सगळं. पहिला पाकिटाचा नॅपी मी मागच्या नालीत फेकला आणि कुत्र्यानं तो बरोबर माझ्या दुकानाच्या पायरीवर आणून ठेवला, जसा काही गिऱ्हाइकानं परत केलेला माल, हेही मीच सांगितलं होतं. त्यावर तू मला उकिरड्याच्या पलीकडे हातभर खोल खड्डा खणायला लावलास, हेही.

मी सगळं सांगतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सांगितल्याशिवाय मला ती गोष्ट घडल्यासारखीच वाटत नाही.

एकदाच मी तुला धरलं. होळीनंतर, दुपारी, पोरगी थप्पीवर पाय झाडत होती, आणि मी म्हटलं की बारशाला इतके दिवस झाले, आता पुरे, ये आणि घे तिला, काकू काय देव लागून गेली? तू उंबऱ्यातूनच तिच्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "उद्या पोट्टीले ताप आला, त सारे माह्याकडे पायतीन." मी म्हटलं, पाहू दे सगळ्यांना. तू म्हणालीस, "तूबी पायशीन, गजू."

मी हसलो. मी काय म्हटलं आठवतं? म्हटलं, मी कुठे पाहणार, माझे दोन्ही डोळे लंगोटात. तूही हसलीस. वाद तिथेच राहिला. मला वाटलं, नंतर कधीतरी पुरा करू. पोरीला ताप येईल, सर्दी होईल, लेकरांना होतच असते. मी तुझ्याकडे पाहणार नाही आणि मग मी तुला ऐकवीन की बघ, पाहिलं का मी? तर पोरगी ठणठणीत, एक दिवस ताप नाही. आणि तू वावरातून आलीस, माठातलं पाणी प्यायलीस, जरा टेकते म्हणालीस, आणि संपलं. मला हरवून गेलीस. आता मी कोणाला दाखवू की मी पाहिलं नसतं? 'तूबी' म्हणालीस तू मला. बाकीच्यांच्या रांगेत बसवलंस. पाठीत सगळे धपाटे मी तुझेच खाल्ले, आणि तू मला काकूच्या शेजारी बसवलंस.

माझा राग इथपर्यंतच असता तर मी तो गिळला असता. पण तेरवीचं अजून सांगायचं आहे. तू असतीस तर मला बोलू दिलं नसतंस, म्हणून आताच सांगतो.

बायांची पंगत बसली होती. वर्षा पोळ्या वाढत होती. काकूनं पोळीवर तूप घेतलं आणि सुस्कारा सोडून म्हणाली की सगळं पाहिलं बिचारीनं, पण लेकरू मांडीवर घ्यायची हौस तेवढी राह्यली. बाया च् च् करत होत्या. मी बादली घेऊन उभा. वर्षानं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. आपली वर्षा, जी वाढताना कुणाकडे वर बघत नाही, ती सरळ बघत म्हणाली, "हौस नाही राह्यली, काकू. ताई रोज घेत होत्या तिले."

माझ्या हातातली बादली कलली आणि वरण काकूच्या जावेच्या पत्रावळीबाहेर गेलं.

"रोज म्हंजे?" काकूनं विचारलं.

"रोज दुपारी. हे दुकानात गेल्यावर. दाराची कडी लावून."

"कडी कायले?"

"तुमच्या भेवानं," वर्षा म्हणाली आणि ताट उचलून पुढच्या पत्रावळीकडे गेली.

काकूचा हात तुपाच्या पोळीवर तसाच थांबला. तिचं तोंड पडलं, हे मी पाहिलं, खोटं नाही सांगत. मग ती हळू आवाजात, कुणा एकाला नाही तर सगळ्यांना, म्हणाली की मी तिले नको म्हटलं होतं का? मी त तिचं नावबी घेतलं नव्हतं.

ताई, म्हातारी खरं बोलत होती. मला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं, ओठांवर आलं होतं, पण तिचं खरं होतं. तिनं तुला नको म्हटलंच नव्हतं. तिनं नुसता एक शब्द टाकला, आणि तू स्वतःच स्वतःला हाताला धरून दाराबाहेर काढलंस. अशा वेळी माणसानं भांडायचं कुणाशी? मी तिला आणखी वरण वाढलं. दुसरं काय करणार होतो.

पाहुणे गेल्यावर मी वर्षाला धरलं. ती थप्पीपाशी पोरीचा लंगोट बदलत होती. तिनं सांगितलं ते असं. तू दुपारी यायचीस. हातपाय धुवायचीस, नुसते नाही, कोपरापर्यंत, दोनदोनदा साबण लावून. वावरातली साडी बदलायचीस. कडी लावायचीस. मग थप्पीपाशी जाऊन तिचा लंगोट सोडायचीस, पुसायचीस, बांधायचीस, एका झटक्यात, गाणं म्हणत. मी तासभर घालवतो ते काम. नंतर तिला छातीशी धरून पोत्यांना टेकून बसायचीस, जेवायची राहून जायचीस. आणि मी घरी यायच्या वेळेला उंबऱ्यात जाऊन उभी राहायचीस. हात पाठीमागे.

म्हणजे ते हात काकूपासून लपवलेले नव्हते. काकू रिठदला होती. ते माझ्यापासून लपवलेले होते.

मी वर्षाला विचारलं की मला का नाही सांगितलं दोघींनी. ती पोरीकडेच बघत म्हणाली, "तुमी दुकानावर सांगतलं असतं. जीपवाल्यायनं रिठदले नेलं असतं."

बरोबर आहे. सांगितलं असतं. कुत्र्याची गोष्ट सांगितली तशीच रंगवून सांगितली असती, की आमच्या ताईनं कडी लावून भाचीला कसं घेतलं. लोक हसले असते, आणि संध्याकाळच्या जीपनं ते काकूच्या ओट्यावर पोचलं असतं. पण म्हणून काय झालं? पोचू द्यायचं होतं. तुझी सख्खी भाची. तुझ्या वावरातल्या सोयाबीनवर झोपलेली. तिला घ्यायला तू स्वतःच्या घरात कडी लावतेस? आपली वस्तू आपणच चोरायची? मी तुला भाव बरा आहे तर विकून टाक पोती म्हणून डोकं खात होतो, आणि तू म्हणायचीस, अजून येऊ दे भाव. मी जीपस्टँडवर सांगायचो की आमची ताई लय लालची, भावापायी घरात उंदीर पाळते. तू ते ऐकून घेतलंस. एकदा तरी म्हणायचं होतंस की बैला, पोती गेली तर ही जागा जाईल. पुन्हा तेच. तोंड उघडायचं नाही. ज्या बाईच्या तोंडाला बाजार भ्यायचा, तिनं घरात तोंड उघडायचं नाही.

परवा व्यापारी गाडी घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवलं. तो म्हणाला, भाव उतरून राह्यला, पस्तावशीन. मी म्हटलं, पोरगी चालायला लागेपर्यंत पोती हलणार नाहीत. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं आहे. त्यानंही चहा पिऊन 'गरीब गाय' म्हटलंच. मी त्याला अंगठ्याची आठवण करून दिली. तो हमाल त्याचाच होता.

लोक म्हणून गेले, तुझ्या आत्म्याला शांती मिळो. मी म्हणणार नाही. शांतीनंच तुझा घात केला. तू कुठे असशील तिथे कुणी असा आडून शब्द टाकला तर तिथली परात उचलू नको, त्याच्या अंगावर उपडी कर. एवढी माझी प्रार्थना समज.

आणि आता शेवटचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. वर्षानं ते सगळ्यात शेवटी सांगितलं. मी अंगावर ओरडत होतो म्हणून तिला आधी सांगता आलं नव्हतं. रोज, लंगोट बांधून झाला की तू तिला म्हणायचीस, वर्षा, जराशी तिकडं पाय. ती भिंतीकडे तोंड करायची. मग तू पोरीच्या कानाला तोंड लावायचीस आणि काहीतरी बोलायचीस. एकच शब्द असावा, वर्षा म्हणाली. रोज तोच असावा, कारण पोरगी दरवेळी सारखीच हसायची. मी वर्षाचे दोन्ही खांदे धरून विचारलं की काय शब्द, काय म्हणायची ती? ती म्हणाली, मले काय माहीत. मी कधी ऐकलं नाही, विचारलंबी नाही. ते त्यायचं होतं.

तर तू ठेवलंस तिचं नाव. रोज ठेवत होतीस. ते आता जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्या माणसाला अजून दातसुद्धा आलेले नाहीत. तिला बोलता येईल तोवर ती ते विसरलेली असेल.

मी दुकानात जायच्या आधी थप्पीपाशी जातो. लंगोट बदलतो. डावा हात तिच्या पोटावर ठेवून वाकतो आणि आपल्याकडच्या पोरींची मला येतात तेवढी सगळी नावं तिच्या कानात एकामागून एक म्हणून बघतो, आजीचं, आईचं, तुझं, नद्यांची, फुलांची, शाळेतल्या हजेरीतली. ती माझ्याकडे बघत राहते. कुठल्याच नावाला हसत नाही.

जोरानं म्हणायले काय झालं होतं तुले, ताई?